मदत हवी आहे: जुन्या फ्रेटलेस बेसचा फिंगरबोर्ड घासू की राहू देऊ?

मंडळी, सत्तरच्या दशकातला एक फ्रेटलेस बेस (मानेवर धातूच्या पट्ट्या नसलेली बेस गिटार) हाती आलाय, ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), रोझवूडचा फिंगरबोर्ड (तारांखालची लाकडी पट्टी), बॉडी ठणठणीत, पण आधी कोणीतरी वर्षानुवर्षं राउंडवाउंड (खरबरीत गुंडाळीच्या) तारा लावून वाजवलाय त्यामुळे डी आणि जी तारेखाली चांगलेच चर पडलेत आणि तिथे बोट ठेवलं की सूर गुंजायच्या ऐवजी नुसता चरचरतो. रेडियस ब्लॉकने (बोर्डच्या गोलाईचा घासायचा ठोकळा) घासून एकसारखा करता येईल, पण घासलेलं लाकूड काही परत येत नाही, म्हणून हात धजावत नाहीये. प्रसिद्ध बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या फ्रेटलेसच्या बोर्डवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलं होतं हे माहितीये, तो आवाज भारीच आहे पण मला नकोय, मला लाकडाचा मऊ आवाज हवाय आणि तारा फ्लॅटवाउंडच (गुळगुळीत गुंडाळीच्या) लावणारे.

दुसरं म्हणजे नेक (गिटारची मान). ट्यून केल्यावर जरा जास्तच पुढे वाकतो, ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करायची आतली सळई) थोडा फिरतो आणि मग एकदम घट्ट होतो, तिथून पुढे जोर लावलेला नाही. तारा सैल करून, नेकला हाताने मागे आधार देऊन ट्रस रॉडचा नट फिरवला तर चालेल ना?

पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं) खरखरतात, त्याला कॉन्टॅक्ट क्लीनर मारेन, ते सोडा.

खरा घोळ क्रमाचा आहे. आधी नेक सरळ करून मगच बोर्ड घासायचा एवढं कळतं, पण वरच्या नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा, ज्या फ्रेटलेसला बोर्डच्या जवळपास टेकवतात, त्या नव्या तारा लावून शेवटीच कापायच्या का? कोणी स्वतः केलंय का हे?