लेकींना भांडी, मुलांना जमीन आणि आईला ‘पूर्वेची खोली’: जुन्या अमेरिकन शेतकऱ्यांच्या वाटण्या

परळची_माहेरवाशीण

मुलीकडे बोस्टनजवळ दोन महिने राहून मागच्या आठवड्यात परळला परतले. तिच्या गावच्या लायब्ररीत एका काचेच्या पेटीत १७६०च्या आसपासचं एका शेतकऱ्याचं मृत्युपत्र ठेवलंय. शेजारी टाईप केलेली नक्कल होती म्हणून वाचता आलं, नाहीतर ते अक्षर म्हणजे आमच्या आजोबांच्या मोडीची सख्खी बहीण.

जमीन दोन मुलग्यांना. त्यातही राहतं घर धाकट्याला. मुलींना एकेक गाय, अंथरूण आणि जस्तासारख्या धातूच्या ताटल्या, त्याही ‘लग्नात दिलं ते धरून’. इथवर ओळखीचं वाटलं. पण बायकोचा परिच्छेद सगळ्यात मोठा. तिला पूर्वेची खोली, अर्धं तळघर, पाव भाजायची भट्टी वापरायची मुभा, स्वयंपाकघरातून विहिरीकडे जायची वाट, एक गाय (हिवाळ्यात तिचा चारा मुलाने घालायचा), चर्चला जायला घोडा आणि दरवर्षी अमुक इतकी लाकडं, ‘चुलीला बसतील एवढी तोडून दाराशी आणून’. शेवटी एक खोच: हे सगळं ती विधवा राहील तोवरच.

मी तिथेच हसले. पोटच्या पोराने आईला लाकडं फोडून द्यावीत हे वकिली भाषेत लिहायचं? विमानात मात्र हसू गेलं. आमचं राजापूर तालुक्यातलं घर, सोबत चाळीसेक गुंठे. वडील २०१० साली गेले. २०११ मध्ये भावाने कागद आणला, मी हक्कसोडपत्रावर सही केली, आईने अंगठा दिला. माहेरून मी दोन पितळी हांडे आणि एक घागर आणली. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हापासून ते माळ्यावर, कारण नव्या किचनमध्ये हांडा ठेवायला कट्टाच नाही. आई आज ८४ वर्षांची, तिथेच राहते. आता भावाला घर पाडून होम-स्टे बांधायचाय. आईची खोली नकाशात कुठे आहे असं विचारलं तर म्हणाला, “आईची व्यवस्था होईल गं.”

तर जाणकारांना विचारते: त्या शेतकऱ्याने हे स्वतःहून लिहिलं की कायद्याने लिहावंच लागायचं? धाकट्यालाच घर का? आणि मुलींना जमीन मिळतच नव्हती का?

निवृत्त_नोंदणीवाला (ठाणे)

ताई, तीस वर्षं दस्त नोंदवण्यात गेली, म्हणून हा विषय मी हौसेने वाचलाय.

पहिलं म्हणजे ‘अमेरिकेत’ असा एक नियम नव्हता, प्रत्येक वसाहतीचं वेगळं. तुम्ही पाहिलेलं मृत्युपत्र मॅसॅच्युसेट्सचं, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत होतं तिथलं. इंग्लंडमध्ये जमीन अख्खी थोरल्याला जायची. या लोकांनी १६४१च्या कायद्यात थोरल्याला दुप्पट वाटा ठेवला. आधार बायबलचा, पण आपल्या धर्मशास्त्रातला ज्येष्ठांश आठवतो की नाही? समजा तीन मुलगे, दोन मुली. वाटे सहा करायचे, दोन थोरल्याचे, बाकीच्यांना एकेक. हा दुप्पट वाटा तिथे १७८९ मध्ये गेला.

आता गंमत बघा. मृत्युपत्र नसेल तर मुलींना त्या सहातला एक वाटा मिळायचा. बाप लिहून गेला असेल तर जमीन बहुधा मुलग्यांना आणि मुलींना भांडी, गुरं, अंथरुणं. पिसांची गादी ही घरातली महागातली वस्तू असायची, त्यामुळे अगदीच हांड्यावर बोळवण म्हणता येणार नाही. पण लग्न झाल्यावर बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याचीच व्हायची आणि तिच्या जमिनीचा कारभारही त्याच्याच हाती. न्यू यॉर्कने त्याविरुद्ध कायदा केला तो थेट १८४८ मध्ये.

विधवेला कायद्याने एक तृतीयांश जमिनीचा हयातभर उपभोग. विकता येत नसे, ती गेली की जमीन मुलांकडे. नवऱ्याने मृत्युपत्रात त्याहून कमी दिलं तर ते नाकारून ती आपला तिसरा हिस्सा मागू शके. म्हणजे खोली, भट्टी, लाकडं हे सगळं त्या तिसऱ्या हिश्श्याच्या बदल्यात ठरवलेलं असायचं. माया असेलही, पण हिशेबही होता.

तुमच्या आईचं: त्या वर्ग एकच्या वारस, हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांचा स्वतःचा हिस्सा होता, तो अंगठ्यासरशी गेला. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातलं कलम २३ बघा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर दस्त रद्द करून मागता येतो. तुमच्या दस्तात अट लिहिलेय का? आधी तो कागद काढून वाचा.

कल्याण_स्लो

धाकट्याचं मी सांगतो (इतिहास शिकवतो, अकरावी-बारावी). तो कायदा नव्हता, वयाचा हिशोब होता. सात-आठ मुलं असायची. थोरल्यांना बाप आधीच बाजूची जमीन तरी द्यायचा नाहीतर कुठे सुतारकाम, विणकाम शिकायला लावायचा. म्हातारपणी घरात उरायचा तो धाकटा. घर त्याला, सोबत म्हातारीही त्याच्याकडे.

‘द्यायचा’ म्हटलं तरी कागद द्यायचा नाही, ही खरी मेख. मॅसॅच्युसेट्समधल्याच अँडोव्हर गावाच्या जुन्या नोंदींचा अभ्यास झालाय. तिथे मुलगा बापाच्या जमिनीवर घर बांधतो, लग्न करतो, पोरं होतात, तरी खातं बापाच्याच नावावर, बाप मरेपर्यंत. त्यामुळे लग्नंही उशिरा. आमच्या काकांनी सातबारा शेवटपर्यंत उशीखाली ठेवला होता, ते आठवलं.

आणि जमीन काही वाढत नाही. तुकडे फार लहान होणार असतील तर कोर्ट अख्खं शेत एका मुलाला देई आणि त्याने भावंडांना पैसे चुकते करायचे. आपला १९४७चा तुकडेबंदी कायदा त्याच दुखण्यावरचा. तिसऱ्या पिढीत उरलेली पोरं न्यू हॅम्पशायर, मेनकडे, पुढे ओहायोकडे निघाली. आपल्याकडची तिसरी पिढी बोटीत बसून गिरणीत आली, एवढाच फरक.

भायखळा_पूर्व

फरक एवढाच कसा? ओहायोत पोरं गेली ती रिकाम्या जमिनीवर नाही, तिथे आधीपासून लोक राहत होते. आणि दक्षिणेचं कोणी बोललंच नाही. व्हर्जिनियाने १७०५च्या कायद्यात गुलामांना चक्क स्थावर मालमत्ता ठरवलं, म्हणजे वारसाहक्काने जमीन जाते तशी माणसं जाणार. वाटणीत आई एका भावाकडे, तिचं मूल दुसऱ्याकडे. लाकडांचं कौतुक करा, पण हेही त्याच मृत्युपत्रांत सापडतं.

निवृत्त_नोंदणीवाला (ठाणे)

बरोबर बोललात, राहूनच गेलं. त्याच व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्याला, हे १७८५च्या कायद्याने बंद झालं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने लावून धरलेला बदल. १७८७च्या वायव्य प्रदेशाच्या (ओहायोकडच्या नव्या मुलखाच्या) कायद्याने तर पहिल्यापासूनच सगळ्या मुलांना सारखा वाटा आणि विधवेला तिसरा हिस्सा ठेवला. व्हर्जिनियात माणसं वारसात जाणं मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं चालूच राहिलं.

परळची_माहेरवाशीण

सगळ्यांचे आभार. भायखळ्याचे भाऊ, तुमचं वाचून त्या पेटीतल्या कागदाकडे आता जरा वेगळ्या नजरेने बघेन.

दस्त काढला. चार पानं. चतुःसीमा आहेत, सर्व्हे नंबर आहेत, फणसाच्या आणि आंब्याच्या झाडांची संख्या आहे. आईबद्दल एक अक्षर नाही. मीही तेव्हा न वाचताच सही केली होती, सोळा नंबरच्या टोकनची घाई होती.

काल रात्री भावाला फोन केला. मला हिस्सा नकोय, तू हवं ते बांध, फक्त आईचं लिहून दे म्हटलं. तो चिडला. वहिनीने फोन घेतला, मग म्हणाली, “वन्सं, त्यांनाच विचारा की काय हवंय ते,” आणि सरळ आईच्या हातात दिला.

आईला ऐकू कमी येतं. दोनदा सांगितल्यावर म्हणाली, “खालची खोली दे म्हणावं, वर जिना नको. विहिरीकडचं दार भिंत घालून बंद करू नका, मला सकाळी तिथे बसायला लागतं. आणि पाव्हणे असले तरी माझी चूल विझवायची नाही.”

मी हे शब्द न बदलता वहीत उतरवून घेतले. ठाण्याचे काका, हे भावाकडून नोंदणी करून घ्यायचं तर दस्ताचं नाव काय घालायचं, आणि त्यासाठी आईला राजापूरला कचेरीत न्यावं लागेल का?