मदत हवी आहे: कोकणच्या पावसात एअर रायफल कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणचा. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते टीव्हीवर बघून माझ्या मुलीने नेमबाजीचा ध्यास घेतला. आठ महिने ती क्लबच्या रायफलवर शिकली. मग एप्रिलमध्ये एका सीनियर नेमबाजाकडून वापरलेली १० मीटरची जर्मन एअर रायफल घेतली, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाली, .१७७ इंच नळीची. नवी घेणं आम्हाला झेपणारं नाही. ही तिला कॉलेज होईपर्यंत पुरली पाहिजे.

मृग लागला आणि अडचणी सुरू झाल्या. परवा केस उघडली तर कॉकिंग लिव्हरवर (शॉटसाठी रायफल सज्ज करायच्या दांड्यावर) बोटाचा ठसा उमटलेला, तांबूस, रेषा मोजाव्यात इतका स्पष्ट. नख फिरवलं तर खरखर लागते. केसमधल्या फोमला न वाळलेल्या रेनकोटसारखा वास येतोय.

दुसरं म्हणजे ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा शॉटचा पुंजका, फाकलाय. मे महिन्यात ६० शॉटला दशांश गुणांत (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) ६०८ पर्यंत जायची, आता ६०० गाठताना दमछाक होते. आधी मला वाटलं परीक्षेचा ताण असेल. पण सरांनी स्वतः रायफल टेकवून मारून बघितली, तरी तेच. एअर रायफलचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी संपलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ओळखीच्या एकांनी सांगितलं म्हणून मी महिन्यापूर्वी बॅरलमध्ये शिलाई मशीनचं तेल दोन-तीन थेंब सोडलं होतं. चुकलं का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
दादा, तेल हेच मुख्य कारण असणार. शिकारी बंदुकीत बारूद जळते, तिची साफसफाई वेगळी. इथे जळत काहीच नाही, नळीत साचतं ते पेलेटचं, म्हणजे छर्ऱ्याचं, शिसं. तेलाचा थर बसला की प्रत्येक पेलेट वेगळ्या वेगाने सुटतो. शिवाय दाबाखालची हवा आणि खनिज तेल यांची गाठ पडू देऊ नका, पेट घेण्याचा धोका असतो आणि ओ-रिंगही (हवा अडवणाऱ्या रबरी रिंगा) खराब होतात. रिंगांना लावायचंच झालं तर कंपनीने सांगितलेलं ग्रीस, तेही तांदळाच्या दाण्याएवढं.

आता काय करा: आधी रायफल रिकामी आहे हे स्वतः बघा. मग बॅरलमध्ये पुल-थ्रूची दोरी मागून पुढे ओढा, मझलकडून (नळीच्या पुढच्या तोंडाकडून) कधीच नाही. तिथली कड किंचित जरी दुखावली तरी अचूकता गेली. दोरीला कोरडे फेल्ट (साफसफाईचे लोकरी बोळे) लावा आणि ते स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. तारेचा ब्रश नको. साफ केल्यावर पहिले दहा-वीस शॉट इकडेतिकडे जातील, घाबरू नका, नळीला शिशाचा पातळ थर पुन्हा बसावा लागतो. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, मुलीलाही लावा ती सवय.

गंजावर मऊ फडक्याला चार थेंब गन ऑइल घेऊन हलकं पुसा, तेही फक्त बाहेरच्या लोखंडावर. आणि पावसाळाभर रायफल केसमध्ये ठेवूच नका! फोम ओल धरून ठेवतो. कुलूप लागेल अशा कपाटात उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या दर पंधरवड्याला तापवून वाळवा. सरावानंतर घामाचे हात जिथे लागले तिथे कोरडं फडकं फिरवायला दोन मिनिटं पुरतात.

सिलिंडरवरची तारीख बघितलीत का?

धागाकर्ता:
ताई, आत्ता टॉर्च लावून बघितली. ०३/२०१४.

प्रतिसाद:
मग तो आजपासून भरू नका. या सिलिंडरांना बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात आणि आत २०० बारची हवा असते. मुलीच्या गालापासून वीतभर अंतरावर. स्पर्धेत मुदतीतला सिलिंडर ही नेमबाजाचीच जबाबदारी धरतात, पण स्पर्धेचं सोडा, घरच्या सरावालाही तो नको. हवा हळूहळू सोडून द्या, त्याच मॉडेलचा नवा मागवा, आणि पुढे कोणतीही वापरलेली रायफल घेताना पहिली नजर तिथे टाका.

धागाकर्ता (दहा दिवसांनी):
पहिला फेल्ट शाईसारखा काळा निघाला, सातवा जवळजवळ पांढरा. क्लबने मॉडेल जुळणारा सिलिंडर उसना दिलाय, नवा मागवला आहे. काल चौदाव्या शॉटनंतर ग्रुप जुळायला लागला, ६०५ झाले. लिव्हरवरचा ठसा पुसट झालाय, पूर्ण गेला नाही.

आता एकच विचारतो. हँडपंपाने हवा भरली तर या दमट हवेतलं पाणी सिलिंडरमध्ये जातं का? की दर वेळी क्लबच्या मोठ्या टाकीवरूनच भरून आणू?

प्रतिसाद:
जातं. टाकीवरूनच भरा, तीही कोरडी, गाळलेली हवा भरणाऱ्यांकडची हवी. डायव्हिंगवाले वापरतात तसली.