मदत हवी आहे: बीआरएफएसएसमधून एकाच सीझनची फ्लू लसीची टक्केवारी कशी काढायची?

नमस्कार मंडळी, इथे पब्लिक हेल्थ नाहीतर बायोस्टॅटवाले कोणी आहेत का? मी अमेरिकेत एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स) करतेय, प्रोजेक्टसाठी 2018-19 च्या सीझनमध्ये 18 वर्षांवरच्या किती जणांनी फ्लूची लस घेतली ते बीआरएफएसएसमधून काढायचंय (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीडीसी, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय आरोग्य संस्था, आणि राज्यं मिळून करतात तो आरोग्याबद्दलचा फोनवरचा सर्व्हे, 1984 पासून चालू आहे, वर्षाला चार लाखांवर मुलाखती). सीडीसीचा आकडा आहे 45.3%. मी 2019 ची फाईल घेतली, वेट्स (सर्व्हेतला एक माणूस किती लोकांच्या वतीने मोजायचा तो आकडा) लावले, हो म्हणणारे भागिले एकूण केलं, तर काही केल्या जुळत नाहीये.

मला वाटतं घोळ प्रश्नातच आहे. फोनवर विचारतात की गेल्या 12 महिन्यांत फ्लूची लस घेतली का, नाकातला स्प्रे किंवा दंडावरचं इंजेक्शन. आता समजा फोन आला जानेवारी 2019 मध्ये आणि बाईंनी टोचून घेतलंय फेब्रुवारी 2018 मध्ये, तर त्या हो म्हणणार, पण ती लस तर आधीच्या सीझनची ना! आणि सप्टेंबरात नाही म्हणणारा माणूस ऑक्टोबरात जाऊन घेऊन येतो, त्याचं काय करायचं? पुढे महिना-वर्ष विचारतात खरं, पण तिथे 77/7777 म्हणजे 'माहीत नाही' वाले आहेतच. त्यांना तरी काय बोलणार, मला कोणी विचारलं तर औषधं आणायला गेले होते, काउंटरवरचा म्हणाला घेताय का, अंगात स्वेटर होता, एवढंच सांगता येईल.

या 77 वाल्यांना सरळ काढून टाकू का? आर (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) वापरतेय. प्लीज जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:
काढू नकोस! ते सगळे हो म्हणालेले आहेत, त्यांना उडवलंस तर टक्केवारी आपोआप खाली येणार. सीडीसी त्यांचा महिना इम्प्यूट करते, म्हणजे त्याच आठवड्यात मुलाखत झालेले, त्याच राज्यातले, त्याच वयोगटातले आणि वंशाचे जे लोक आहेत त्यांच्याकडून महिना उचलायचा.

दुसरं म्हणजे एका फाईलीत हे होणारच नाही. सप्टेंबर ते डिसेंबरच्या मुलाखती 2018 च्या फाईलीतून, जानेवारी ते जून 2019 मधून, आणि लस जुलै 2018 ते मे 2019 मध्ये घेतलेली असेल तरच हो. मग कॅप्लन-मायर, म्हणजे प्रत्येकाची माहिती जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच धरून टक्केवारी काढायची पद्धत. तुझा सप्टेंबरवाला तिथे बरोबर बसतो, त्याला कायमचा 'नाही' धरायचं नाही, मुलाखतीपर्यंत नाही एवढंच धरायचं आणि तिथे सेन्सॉर करायचं, म्हणजे पुढचं माहीत नाही असं मानायचं. आरच्या सर्व्हे पॅकेजमध्ये एसव्हीवायकेएम म्हणून फंक्शन आहे, फक्त स्टँडर्ड एरर मागितलीस की एवढ्या डेटावर लॅपटॉप रडतो, आधी एका राज्यावर चालवून बघ. स्ट्रॅटाच्या (नमुना निवडताना पाडलेल्या गटांच्या) कोडला वर्ष जोड नाहीतर दोन वर्षांचे स्ट्रॅटा एकमेकांत मिसळतील, आणि व्हेरिएबलच्या नावातला शेवटचा आकडा वर्षागणिक बदलतो तेव्हा कोडबुक (व्हेरिएबल आणि कोडची यादी) उघडं ठेव.

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर, एक भर: 2019 च्या फाईलीत न्यू जर्सीच नाहीये, पुरेशा मुलाखती झाल्या नाहीत म्हणून वगळलं (तिथल्या एडिसन गावातली आपली भारतीय मंडळी फोन उचलत नसावीत 😄). त्यामुळे राज्यवार नकाशा काढणार असशील तर तिथे अर्धाच सीझन मिळेल.

प्रतिसाद:
अवांतर, आपल्याकडे असं काही मोजतात का?

प्रतिसाद:
लासीमध्ये विचारलंय, म्हणजे मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेचा भारतातला सर्व्हे, पहिली फेरी 2017-18, वय 45 आणि पुढे. पण प्रश्न 'कधी घेतली आहे का' असा, त्यामुळे सीझनचा विषयच नाही, आणि तरीही उत्तर दीड टक्क्याच्या आसपास.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! 2018 ची फाईल डाउनलोडला लावलीय. 77 वाल्यांपैकी काहींनी वर्ष सांगितलंय पण महिना नाही, त्यांना डोनर (ज्याच्याकडून महिना उचलायचा तो) निवडताना वर्षही जुळवायचं ना?