मदत हवी आहे: टॉमकॅट विंडोजवरून उबुंटू, रॉकी आणि मॅकवर न्यायचा आहे, आधी काय काय ठरवून ठेवावे?

नमस्कार मंडळी,

आमचे एक जुने वेब ॲप्लिकेशन विंडोज सर्व्हरवर टॉमकॅट ९ (जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) आणि जावा ८ वर चालते. आता मुख्य सर्व्हर उबुंटू २४.०४ होणार आहे, दुसऱ्या एका ठिकाणी रॉकी लिनक्स ९ आहे आणि डेव्हलपर मॅकवर काम करतात. बऱ्याच लोकांचे रोजचे काम या ॲप्लिकेशनवर अवलंबून आहे, त्यामुळे ऐन वेळची धावपळ मला अजिबात नको आहे.

खरी अडचण व्हर्जनची आहे. उबुंटू २४.०४ च्या रिपॉझिटरीत (अधिकृत पॅकेज भांडारात) टॉमकॅट १० मिळतो, ९ चा सर्व्हर तिथे नाही. रॉकी ९ वर पॅकेज टाकले तर ९ येतो. एकच ॲप्लिकेशन दोन वेगवेगळ्या मेजर व्हर्जनवर कसे चालवायचे? पॅकेज सोडून अपाचेच्या साइटवरची फाइल घ्यावी का? मग सर्व्हिस, युजर, परवानग्या हे सगळे आपणच बघायचे ना?

दुसरे म्हणजे आमच्या रिपोर्टमध्ये देवनागरी नावे असतात. चाचणीसाठी उबुंटूवर चालवून पाहिले तर टर्मिनलमधून सुरू केल्यावर नावे नीट दिसतात, पण सर्व्हिस म्हणून सुरू केले की सीएसव्ही फायलीत नुसती प्रश्नचिन्हे येतात. कोड तोच, मशीन तेच. याचा उलगडा झाला तर फार बरे होईल.

आणि ८० पोर्ट, म्हणजे वेबचा नेहमीचा पोर्ट. टॉमकॅट रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) चालवायची माझी तयारी नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

व्हर्जन ॲप्लिकेशनकडे बघून ठरवा, रिपॉझिटरीत काय मिळते त्यावरून नको. टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटची (जावाच्या वेब कोडची) पॅकेजेस 'जावाएक्स'ऐवजी 'जकार्ता' या नावाखाली गेली आहेत. ९ साठी लिहिलेले ॲप्लिकेशन १० वर जसेच्या तसे चालणार नाही. शिवाय १०.१ ला किमान जावा ११ लागतो आणि ११ ला जावा १७. जावा ११ मधून जॅक्सबीसारखे (एक्सएमएल हाताळणारे) काही भाग काढून टाकले आहेत, म्हणजे तिथेही कोडला हात लावावा लागू शकतो.

माझे स्पष्ट मत: आत्ता फक्त ऑपरेटिंग सिस्टिम बदला. टॉमकॅट ९ आणि जावा ८ तेच राहू द्या. तिन्ही बदल एकदम केलेत आणि काही बिघडले, तर कशामुळे बिघडले हे शोधताना जीव मेटाकुटीला येईल.

म्हणून हो, अपाचेचीच फाइल घ्या, सगळीकडे एकाच व्हर्जनची. लिनक्स आणि मॅकवर झिप नको, टार-जीझिप घ्या. झिपमधून काढलेल्या स्क्रिप्टना बऱ्याचदा एक्झिक्यूट परवानगी नसते. लॉगिन नसलेला वेगळा युजर बनवा. लॉग्ज, टेम्प आणि वर्क एवढ्याच फोल्डरमध्ये त्याला लिहू द्या, कॉन्फ फक्त वाचू द्या. वॉर फाइल (ॲप्लिकेशनचे पॅकेज) टॉमकॅटलाच उलगडायची असेल तर वेबॲप्समध्येही लिहिण्याची परवानगी लागेल. कॅटलिना होम (टॉमकॅटचे मूळ फोल्डर) आणि कॅटलिना बेस (तुमच्या सेटिंगचे फोल्डर) आतापासूनच वेगळे ठेवा, म्हणजे पुढे पॅच टाकताना तुमच्या सेटिंगला धक्का लागणार नाही.

प्रश्नचिन्हांचे कारण लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षर-संकेताची सेटिंग. टर्मिनलमध्ये तुमच्या युजरचे यूटीएफ-८ लोकेल असते. सिस्टिमडीने (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणाऱ्या प्रणालीने) सुरू केलेल्या सर्व्हिसला ते मिळेलच असे नाही, आणि मग जावा ८ थेट आस्कीवर येतो, ज्यात देवनागरी अक्षरे नाहीत. जावा १८ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट आहे, त्याआधी नव्हते. टॉमकॅट सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटएन्व्ह स्क्रिप्टमध्ये फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट द्या. विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून चालत असेल तर ती सेटएन्व्हची फाइल वाचतच नाही, तिथे सर्व्हिसच्या जावा ऑप्शन्समध्ये टाकावे लागते.

८० पोर्टसाठी पुढे एनजिनएक्स (विनंत्या टॉमकॅटकडे पाठवणारा वेब सर्व्हर) ठेवा आणि टॉमकॅट ८०८० वरच राहू द्या. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत.

धागाकर्ता

मनापासून आभार! एन्कोडिंग दिल्यावर सर्व्हिसमधूनही नावे व्यवस्थित आली. रॉकीवर मात्र एनजिनएक्स ५०२ (मागच्या सर्व्हरशी जोडणी झाली नाही) अशी चूक दाखवतो. त्याच मशीनवरून ८०८० थेट उघडले तर पान येते.

प्रतिसाद

ते एसईलिनक्समुळे, म्हणजे लिनक्समधल्या सुरक्षा यंत्रणेमुळे. रॉकीवर वेब सर्व्हरला दुसऱ्या पोर्टशी जोडणी करायला आपणहून परवानगी नसते. 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट' हे बूलियन (चालू-बंद सेटिंग) कायमस्वरूपी चालू करा. कृपा करून एसईलिनक्सच बंद करू नका, जागोजागी तोच सल्ला दिलेला सापडेल.

मॅकबद्दल दोन गोष्टी. एम मालिकेचे मॅक असतील तर टेमुरिन या जावा वितरणात जावा ८ चे आर्म बिल्ड मिळत नाही, अझूल झुलू या दुसऱ्या वितरणात मिळते. आणि फायलींच्या नावातले लहान-मोठे इंग्रजी अक्षर तपासा. कोड थेट डिस्कवरून फाइल उघडत असेल तर विंडोजवर चुकीचे अक्षर खपून जाते, मॅकवरही डिफॉल्ट सेटिंगमध्ये खपते, उबुंटूवर मात्र फाइल सापडतच नाही. त्यामुळे मॅकवर चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका, कोड ज्या फायली थेट उघडतो त्या सगळ्या लिनक्सवरच एकदा तपासून बघा.