मुंबई–गुलमर्ग: स्वतःच्या स्की विमानाने न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात?

ठाणे_पूर्व

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुलमर्गला सहा रात्री जायचं आहे, मी आणि बायको. मी मध्यम पातळीचा: लाल रन (मध्यम अवघड उतार) नीट उतरतो, पावडरचा (ताज्या भुसभुशीत बर्फाचा) सराव नाही. बायको पहिल्यांदाच स्कीवर उभी राहणार. माझ्याकडे १७२ सेंमीच्या स्की आहेत (कंबर, म्हणजे मधली रुंदी, ८४ मिमी), शिवाय २६.५ चे बूट, पोल आणि हेल्मेट. दोघांच्या तिकिटात प्रत्येकी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन आहे.

विचारायचंय ते असं. स्की नेण्यात अर्थ आहे का? नेल्या तर पॅकिंग कसं करायचं? थेट विमान घ्यावं की दिल्लीमार्गे? दिल्लीमार्गे तीन-साडेतीन हजार वाचतायत. एअरबॅग बॅकपॅक (हिमस्खलनात फुगवून वर राहायला मदत करणारी) आणि गार्मिनचा सॅटेलाइट मेसेंजरही सोबत घेण्याचा विचार आहे.

---

पीरपंजाल_प्रेमी

आधी वजन मांडा. १७२ ची जोडी बाइंडिंगसकट (बूट स्कीला अडकवणारा भाग) सहा किलोच्या आसपास. बूट चार किलो. पोल आणि हेल्मेट मिळून एक. चाकांची स्की बॅग रिकामीच तीन किलो भरते. झाले १४. म्हणजे तुमचे १५ किलो संपले आणि कपडे अजून घरीच आहेत. जादा वजन घ्यायचं असेल तर ते तिकिटासोबत ऑनलाइन घ्या, काउंटरवर किलोमागे बरेच जास्त पैसे जातात. आणि एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर जाऊ देऊ नका, तो नग चेक-इनला घेतच नाहीत.

माझं मत: बूट न्या, स्की ठेवा. ८४ मिमीची स्की दाबलेल्या बर्फासाठी बनलेली असते. गुलमर्गची खरी मजा वरच्या अफरवट डोंगराच्या उतारांवर आहे. तिथे ग्रूमिंग (यंत्राने बर्फ दाबून सपाट करणं) जवळजवळ नाही आणि ताज्या बर्फात अरुंद स्की नांगरासारखी रुतते. तिथे १००–११० मिमीची भाड्याने घ्या. बूट मात्र भाड्याचा नको. पायाला न बसणारा बूट असला तर सहापैकी चार दिवस पाय चोळण्यात जातात.

बूट केबिनमध्येच न्या. ७ किलोत बूट, मोजे, गॉगल आणि एक थर्मल सेट आरामात बसतो. चेक-इनची बॅग मागे राहिली तर जॅकेट उसनं मिळेल, तुमच्या पायाचा बूट मिळणार नाही. पोल मात्र केबिनमध्ये चालत नाहीत.

---

एज_आणि_वॅक्स

वरच्याशी अर्धा सहमत. फेज १ च्या (गोंडोला, म्हणजे केबल कारच्या खालच्या टप्प्याच्या) उतारांवर आठवडाभर ताजा बर्फ पडला नाही की सकाळी पृष्ठभाग कडक असतो. भाड्याच्या स्कीच्या कडा बहुतेक बोथट. अशा वेळी स्वतःची धार लावलेली ८४ सोन्यासारखी. कोंगदूरीच्या (फेज १ चं वरचं टोक) वर जाणारच नसाल तर न्या. जाणार असाल तर भाड्याने.

पण भाड्याने घ्यायच्या आधी बुटाचा तळ बघा. त्यावर 'ग्रिपवॉक' (चालायला सोपा, वळणदार तळ) लिहिलंय का? आयएसओ ५३५५ हा जुन्या सपाट अल्पाइन तळाचा नंबर, २३२२३ ग्रिपवॉकचा, ९५२३ टूरिंगचा. भाड्याच्या दुकानातली जुनी बाइंडिंग फक्त ५३५५ साठी असतात. ग्रिपवॉकचा तळ त्यात 'क्लिक' होतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण पुढच्या बाजूची उंची आणि घर्षण वेगळं असल्याने पडल्यावर बाइंडिंग वेळेवर सुटत नाही आणि पिळ गुडघ्यात जातो. बाइंडिंगवरही ग्रिपवॉकचं चिन्ह असेल तरच घ्या.

दुसरं, बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये आकडा कोरलेला असतो, ३०५ किंवा ३१२ असा. ती तळाची लांबी. दोन कंपन्यांच्या २६.५ बुटांची ही लांबी सारखी असेलच असं नाही. दुकानदाराला हा आकडा, वजन, उंची, वय आणि पातळी सांगा. डीआयएन (बाइंडिंग किती जोराला सुटेल तो आकडा) तक्त्यावरूनच लावून घ्या, 'सबको पाँच चलता है' असं म्हणाला तर पुढचं दुकान. त्यानंतर बूट अडकवून बाइंडिंगच्या टाचेच्या भागाचा फॉरवर्ड प्रेशर (बुटाला पुढे दाबून धरणारा दाब) दर्शक योग्य खुणेत येतो का ते बघा. भाड्याच्या स्कीत सगळ्यात जास्त चूक इथेच असते: डीआयएन बरोबर, पण टाच सरकवलेलीच नाही.

वहिनींसाठी पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजून न्या, तोच मोंडो साइज. पूर्ण आणि अर्ध्या साइजचं बाहेरचं कवच बहुधा एकच असतं, म्हणून '२३.५ नाही, २३ आहे' ऐकून घाबरू नका, घालून बघा. मोजा एकच, पातळ. सामान पोहोचल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा, सकाळी नऊला दुकानात झुंबड असते.

---

चेंबूर_नाका

न्यायचंच ठरलं तर पॅकिंग: दोन्ही स्कींचे तळ एकमेकांकडे, मध्ये पातळ कापड. बाइंडिंगचे ब्रेक रबरी पट्ट्याने वर बांधा, नाहीतर हिसक्याने वाकतात. दोन वेल्क्रो पट्टे, एक शेंड्याजवळ, एक शेपटीजवळ. दोन्ही टोकांना जॅकेट किंवा फ्लीस गुंडाळा, बॅग आपटते ती टोकावरच. बाइंडिंगभोवती मऊ कपडे. हेल्मेट या बॅगेत नको, वर दुसरं सामान पडलं तर न दिसणारी चीर जाते. आत कागदावर नाव, फोन आणि हॉटेल लिहून ठेवा, बाहेरचा टॅग सामानाच्या सरकत्या पट्ट्यात फाटतो. बंद करण्यापूर्वी एक फोटो.

लांबीमुळे ही बॅग नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही. काउंटरवर टॅग लागला की ती मोठ्या सामानाच्या स्कॅनरकडे स्वतः न्यावी लागते, रांग वेगळी. उतरल्यावरही ती वेगळ्या दारातून येते, मुख्य पट्ट्यासमोर तासभर उभं राहू नका. बुकिंगनंतर कंपनीला फोन करून 'स्की बॅग, १८५ सेंमी' अशी नोंद करून घ्या. मुंबई–श्रीनगरच्या मोठ्या जेटला लांबीचा प्रश्न येत नाही. एटीआरवाल्या (छोट्या पंख्याच्या विमानांच्या) मार्गांवर, म्हणजे कुल्लूसारख्या ठिकाणी, येऊ शकतो.

आणि ठाण्याहून विमानतळ! सीएनजी टॅक्सीच्या डिकीत सिलिंडर असतो हे लक्षात ठेवा. १८५ सेंमीची बॅग सेडानमध्ये फक्त मागची सीट आडवी करून किंवा पुढच्या सीटवरून तिरकी घालून जाते, दोन माणसं आणि दोन बॅगा असल्यावर ते जमत नाही. अर्टिगा किंवा इनोव्हा बुक करा आणि ड्रायव्हरला आधीच सांगा.

दिल्लीमार्गे दोन वेगळी तिकिटं काढली तर बॅग दिल्लीत उतरवून पुन्हा चेक-इन, कदाचित टर्मिनलही बदला, त्यात हिवाळ्याचं धुकं. तीन हजारांसाठी नको. थेट घ्या.

---

ठाणे_पूर्व

थेट विमान नक्की केलं. बुटावर ग्रिपवॉक लिहिलेलंच आहे, बरं झालं विचारलं. एअरबॅग आणि गार्मिनचं कोणी सांगेल का?

---

पीरपंजाल_प्रेमी

गार्मिनचा सॅटेलाइट मेसेंजर घरी ठेवा. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय असं उपकरण भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे. विमानतळावर ते स्कॅनमध्ये दिसतं आणि पोलिसांकडे प्रकरण जातं. परदेशी पर्यटक यात अटक झाले आहेत. काश्मीरमध्ये तर सवलतीची अपेक्षाच नको.

एअरबॅग: गॅस सिलिंडरवाली असेल तर आंतरराष्ट्रीय नियमात माणशी एक चालते, पण विमान कंपनीची मंजुरी हवी. ती ईमेलवर घ्या, छापून ठेवा. तरीही शेवटचा शब्द सुरक्षा तपासणीवाल्याचा असतो. मंजुरी नाही मिळाली तर नेऊ नका, सिलिंडर तिथेच ठेवून यावा लागेल. विजेवर चालणारा पंखा असलेली असेल तर गॅसचा प्रश्न नाही, पण तिच्यातल्या बॅटरीचे नियम विचारून घ्या.

हातमोज्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच. १०० वॅट-तास म्हणजे साधारण २७,००० एमएएच, त्याच्या आतलं न्या. बीकनचे (बर्फाखाली अडकलेल्याला शोधायचा ट्रान्समीटर) साधे अल्कलाइन सेल काढून चेक-इनमध्ये टाका. श्रीनगरहून परतताना केबिन बॅगेतले सुटे सेल काढून घेतात. तिथे विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावरही सामान स्कॅन होतं, तीन तास आधी पोहोचा. स्कीच्या तळाचं वॅक्स साफ करायचं ज्वलनशील द्रावण कुठल्याच बॅगेत चालत नाही. घट्ट वॅक्सला काही अडचण नाही.

एक मात्र सांगतो. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हे तिन्ही, ते वापरता येणारा सोबती आणि स्थानिक गाइड नसेल तर नुसत्या एअरबॅगच्या भरवशावर हद्दीबाहेर जाऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला. पावडरचा सराव नसताना तुम्हाला ती बॅग घ्यायची गरजच नाही.

---

दादर_कबुतरखाना

वेळापत्रकाचं बोला कोणीतरी. सहा रात्रींत स्कीचे दिवस चारच धरा. श्रीनगर–गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, पण बर्फ पडला की साध्या टॅक्सीला तनमर्गलाच थांबवतात. पुढचे १३ किलोमीटर चेन लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडी. त्यामुळे दुपारनंतरचं विमान घेऊ नका. परतीच्या आदल्या रात्री श्रीनगरला मुक्काम करा.

गुलमर्ग २,६५० मीटर, फेज २ चं वरचं टोक ३,९५० च्या जवळ. समुद्रसपाटीवरून येऊन पहिल्याच दिवशी वर गेलात तर डोकं दुखणार. पहिला दिवस खालीच काढा. फेज २ वारा, धुकं किंवा हिमस्खलनाच्या धोक्याने अचानक बंद होतं, म्हणून त्यासाठी एकच दिवस राखून ठेवणं चुकीचं. गोंडोलाचं तिकीट ओळखपत्रावर ऑनलाइन आधी काढा.

वहिनींनी पहिले तीन दिवस खालच्या बनी स्लोपवर (नवशिक्यांचा सौम्य उतार) प्रशिक्षक घेऊन शिकावं, पर्यटन खात्याची नोंदणी दाखवणारा. नवऱ्याने शिकवू नये, हा सल्ला फुकट. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या: २०२४ मध्ये जानेवारी संपत येईपर्यंत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. विम्यात स्कीइंग 'साहसी खेळ' म्हणून वगळलेलं नाही ना, ते वाचा. प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड न्या.

विमानतळ बंद पडला तर महामार्गही बहुधा बंदच असतो. अशा वेळी श्रीनगर–कटरा वंदे भारत (जून २०२५ पासून) हाच पर्याय. पण ती लांब बॅग घेऊन सीटजवळ बसण्याची कल्पना करा आणि स्की नेण्याचा निर्णय पुन्हा तपासा.

---

एज_आणि_वॅक्स

स्की नेल्याच तर परतीचं सांगून ठेवतो. ओल्या स्की बॅगेत बंद करून मुंबईत उतरलात तर दोन दिवसांत कडांना तांबूस गंज येतो. निघायच्या आदल्या रात्री पुसून खोलीत उभ्या वाळवा. घरी आल्यावर बॅग लगेच उघडा. पावसाळ्याआधी तळावर आणि कडांवर वॅक्सचा जाड थर द्या आणि खरवडू नका, तो पुढच्या हिवाळ्यात काढायचा. बुटाचं अस्तर काढून वेगळं वाळवा, बकल सैल लावून ठेवा. बुटांचं कवच पॉलियुरेथेनचं असेल आणि बूट दहाएक वर्षांचे असतील तर आत्ताच नीट तपासा. आपल्या दमट हवेत ते आतून कमकुवत होतं आणि थंडीत वाकवताना तडकतं. तुमचे ग्रिपवॉक आहेत म्हणजे तेवढे जुने नसावेत, पण आतल्या बाजूला बनवल्याची तारीख असते, बघून घ्या.