'लीनता' म्हणावं की 'नम्रता'? (शब्द सुचवा)

अनुवादिनी
ख्रिस्ती जोडप्यांच्या विवाहपूर्व वर्गासाठी असलेल्या पुस्तिकेतलं एक प्रकरण मराठीत आणते आहे. विषय: ख्रिस्ताकडे पाहून नात्यांमध्ये 'ह्युमिलिटी' कशी वाढवावी. सगळं प्रकरण बायबलातल्या फिलिप्पै 2:3 या वचनावर (पोकळ डौल सोडून लीनतेने एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना) उभं आहे आणि आपल्या रूढ बायबलात तिथे 'लीनतेने' आहे, म्हणून मीही 'लीनता' ठेवली. तपासणाऱ्यांनी ती खोडून 'नम्रता' केली. शेरा असा: "लीन म्हणजे पायाशी पडलेला. नवरीला हेच शिकवायचं का?" पण 'नम्रता' म्हटलं की कचेरीतल्या पाटीवरची 'नम्र विनंती' डोळ्यांपुढे येते. तिसरा शब्द आहे का? आणि 'नम्रतेत वाढणे' हे मराठी आहे का?

ओवीकर
शेवटचं आधी. 'नम्रतेत वाढणे' हे बायबली मराठी आहे, 'कृपेत वाढा'च्या चालीवरचं. चर्चमध्ये खपतं. एरवी नम्रता 'अंगी बाणते'.

आता लीन. धातू 'ली': चिकटणे, विरघळणे. विलीन, तल्लीन, लय ही सगळी याच घरातली. पायाशी पडण्याचा अर्थ 'चरणी लीन'मधल्या चरणांमुळे आला, लीनचा त्यात दोष नाही. 'नम्र' हा मात्र खराच 'नम्'वरून, म्हणजे वाकणारा. वाकलेला माणूस काम झालं की सरळ होतो, विरघळलेला होत नाही. 'विनय' वि + नी, म्हणजे वळण लावून येणारा. 'दीन' तर परिस्थितीने होतो. तुमचे तपासनीस उलट्या बाजूला उभे आहेत.

कोइने
व्युत्पत्ती छान, पण शब्द निवडायचा तो मूळ ग्रीक बघून. मत्तयाच्या शुभवर्तमानात तीन ग्रीक शब्द आहेत आणि मराठीकारांनी त्यांना तीन शब्द दिलेत: प्तोखोस म्हणजे 'दीन' (5:3), प्राउस म्हणजे 'सौम्य' (5:5), तापेइनोस म्हणजे 'लीन' (11:29, 'मनाचा सौम्य व लीन'). ही शिस्त मोडू नका. मोडली की काय होतं तेही बायबलातच दिसतं. फिलिप्पै 2:3 आणि 1 पेत्र 5:5 या दोन्ही ठिकाणी मूळ शब्द एकच, तापेइनोफ्रोसिने. मराठीत पहिल्या जागी 'लीनता', दुसऱ्या जागी 'नम्रतारूपी कमरबंद'. वाचकाला वाटतं दोन वेगळे गुण आहेत.

'लीनता' खुपते ही तक्रार मात्र मुळाला धरूनच आहे. अभिजात ग्रीकमध्ये तापेइनोस ही बहुतेक वेळा शिवीच होती: हलका, लाचार, खालच्या पायरीवरचा. फिलिप्पैचं पत्र लिहिणाऱ्या पौलाने तोच शब्द उचलून गुण म्हणून मांडला. न खुपणारा शब्द शोधलात तर ती धार गेली.

अजून एक, कुणी विचारलं नसताना. 2:3 मधला 'पोकळ डौल' म्हणजे केनोदोक्सिया, आणि 2:7 मध्ये ख्रिस्ताने 'स्वतःला रिक्त केले' तिथे क्रियापद एकेनोसेन. दोन्हींत 'केनोस' म्हणजे रिकामा. एक जण रिकाम्या मोठेपणाने फुगतो, दुसरा मोठेपण असून रिकामा होतो. मराठीत 'पोकळ' आणि 'रिक्त' असे दोन शब्द आल्यामुळे हा धागा तुटला. तळटीप द्याच.

साधंसोपं
ग्रीक राहू दे. घरात हे शब्द कोणी बोलतं का? घरातले शब्द: कमीपणा घेणे, नमतं घेणे, पडती बाजू घेणे, मीपणा सोडणे. प्रकरणाचं नाव 'कमीपणा घ्यायला शिकू या' ठेवा, वर्गातली शेवटची रांगही वर बघेल.

ओवीकर
आणि पुस्तिका सासूबाईंच्या हाती पडली की सुनेचं काय होईल? 'नमतं घे' हे मराठीत नेहमी एकालाच सांगितलं जातं. दोघांनी एकदम नमतं घेतल्याचं ऐकलंय कुणी? 2:3 चा सगळा जोर 'एकमेकांना' या शब्दावर आहे. शिवाय नमतं घेणं हा भांडण संपवायचा डावही असतो, आतून माणूस ताठ तो ताठच.

गोधडी
म्हणूनच 'नम्रता' या वर्गात फसते. आपल्याकडे ती आदरार्थी रूपांत मोजतात. सून "अहो आई" म्हणते, सासू "अगं" म्हणते. नवऱ्याला "अहो", बायकोला "अगं". वर्गात 'नम्र व्हा' म्हटलं की मुली आपलं "अहो-जाहो" तपासतात आणि मुलगे हा आपला धडा नव्हेच म्हणून निवांत बसतात. हा दोष शिकवण्यातला नाही, शब्दातला आहे.

टाकसाळ
शुद्ध शब्द तयार असताना एवढी कसरत कशाला? गीतेच्या तेराव्या अध्यायातलं 'अमानित्व'. ज्ञानदेवांनी त्यावर ओव्याच्या ओव्या खर्च केल्यात. मान नको असणं, बस.

साधंसोपं
'आजचा विषय: अमानित्व'. वधूवर चहाच्या सुट्टीत पसार.

टाकसाळ
लोकांना येत नाही म्हणून शब्द टाकायचे, मग भाषेत 'सॉरी' तेवढा उरेल.

दगडफूल
लीन म्हणजे इंग्रजीतलं 'लीन', टेकणे, हेच ना? देवावर टेकलेला. सोपं आहे.

कोइने
नाही. त्या 'लीन'चा संस्कृत भाऊ 'श्रि' धातू, ज्यातून 'आश्रय' आला. आपल्या लीनशी नातं नाही. हे नातं मात्र खरं: ह्युमिलिटीचा मूळ लॅटिन शब्द 'हुमिलितास' हा 'हुमुस' म्हणजे माती यावरून, आणि हुमुसचं संस्कृतातलं सख्खं भावंड 'क्षम्', 'क्ष्मा', म्हणजे पृथ्वी.

दगडफूल
म्हणजे ह्युमिलिटी आणि क्षमा एकच! अनुवादिनी, मिळाला तुमचा तिसरा शब्द.

कोइने
थांबा. पृथ्वी या अर्थाची क्षमा आणि माफी या अर्थाची क्षमा यांची मुळं कोशकार वेगळी धरतात. पृथ्वी सगळं सोसते म्हणून दोन्ही जोडल्या त्या कवींनी.

दगडफूल
कवी कोशकारांच्या आधीचे. मी जोडणार.

गोधडी
क्षमेवर आलोच आहोत तर त्या प्रकरणातला खरा भाषिक खड्डा सांगते. अशा पुस्तिकांत माफी मागण्याच्या पायऱ्या असतातच. इंग्रजीतून मराठीत येताना त्या दर वेळी चार जागी ठेचकाळतात.

'असेल तर': "मन दुखावलं असेल तर माफ कर." या 'असेल तर'ने दुखावल्याचं ओझं समोरच्यावर ढकललं.

'कडून': "माझ्याकडून चूक झाली." चूक आपली आपण झाली, मी जवळ होतो एवढंच. "मी तुझ्या आईसमोर तुझ्या पगाराचा विषय काढला" असं काय केलं ते नाव घेऊन म्हणायला शिकवावं लागतं.

'पण': "चुकलो, पण तूही..." पणच्या पुढचं वाक्य दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं.

चौथी, भरपाई. लूक 19:8 मधला जकातदार जक्कय नुसता खजील होत नाही, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करीन म्हणतो. चारचौघांत अपमान केला असेल तर माफीही चारचौघांतच. स्वयंपाकघरात हळूच मागितलेली माफी तिथे पुरत नाही.

आणि मागितल्यावर गप्प राहायचं. "केलंस ना माफ?" असं लगेच विचारणं ही वसुली झाली.

ओवीकर
आधी कोणी जायचं, हाही नेहमीचा घोळ. मत्तय 5:23-24 मध्ये ज्याने दुखावलं तो वेदीपाशी अर्पण ठेवून उठतो. 18:15 मध्ये ज्याचं दुखलं तो जातो, तेही एकांतात. म्हणजे दोघंही निघालेले असायला हवेत. पहिल्याच फटक्याला फादरांकडे किंवा पाळकांकडे तक्रार नेणारे 18:15-16 च्या पायऱ्या गाळतात.

साधंसोपं
"माझं चुकलं" राहिलं. घरात याहून भारी माफी नाही.

टाकसाळ
व्याकरणाने बघा. 'माझं चुकलं' यात क्रियापद नपुंसकलिंगी, कर्ता गायब. गोधडीताईंच्या 'कडून'चाच हा चुलतभाऊ. खरी कबुली "मी चुकलो".

साधंसोपं
व्याकरण गेलं खड्ड्यात. "मी चुकलो" माणूस तोऱ्यातही म्हणतो, "मी चुकलो, तुझ्यावर विश्वास ठेवला!" "माझं चुकलं" तोऱ्यात म्हणून दाखवा.

टाकसाळ
"चुकलंच माझं, तुला विचारलं!" घ्या. 'च' लावला की झालं.

गोधडी
धोक्याचं लिहायचं राहिलं, आणि ते पुस्तिकेत हवंच. कलस्सै 2:18 आणि 2:23 मध्ये हाच तापेइनोफ्रोसिने शब्द वाईट अर्थाने येतो, दिखाऊ लीनता म्हणून. "मी काय, मी तर कुणीच नाही" हे सारखं बोलणारा माणूस दिवसभर स्वतःबद्दलच बोलत असतो. दुसरं, हात उगारणाऱ्या घरात 'लीनता' हा सल्ला देऊ नये. तिथे आधी सुरक्षित जागा आणि पोलीस, समेटाचं बोलणं त्यानंतर, तेही दोघांना वेगवेगळं बसवून.

कोइने
याला जोडून: इफिस 5:22, "स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा". सर्वांत जुन्या प्रतींपैकी दोघींत, पपायरस 46 आणि व्हॅटिकन प्रतीत, त्या ओळीत क्रियापदच नाही. ते 5:21 मधून उसनं घ्यावं लागतं, आणि तिथे आहे 'एकमेकांच्या अधीन'. मराठीत क्रियापद पुन्हा छापलं आणि वर मथळा टाकून दोन्ही वचनं तोडली की 22 एकटंच उरतं. वर्गात दोन्ही एका दमात वाचून घ्या.

अनुवादिनी
सगळ्यांचे आभार, तळटिपाच आता चार पानं झाल्यात. तूर्त वचनात 'लीनता', मजकुरात 'मीपणा सोडणे' असं केलंय. तपासणारे मानतील असं वाटत नाही. मथळ्याला अजून शब्द नाही.

दगडफूल
क्षमा.

टाकसाळ
'मीपणा' सोडायचा की टाकायचा? जुन्या मराठीत 'मीपण' आहे, 'मीपणा' नाही.

साधंसोपं
माझंच चुकलं, हा शब्द सुचवला.

टाकसाळ
बघा, 'च' लावलात.