चूल खाली, पावशी खाली, भांडी खाली... आणि मला खाली बसताच येत नाही

साकोलीकडची:

नमस्कार. मी साकोली तालुक्यातल्या खेड्यात राहते, वय 32. मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. लहानपणी हातपाय ठणकायचे तेव्हा घरचे म्हणायचे वारं लागलं. बारावीत रक्त तपासलं तेव्हा खरं कळलं. मागच्या पावसाळ्यापासून डावा खुबा दुखून राहिला. एमआरआय केला तर निघालं की खुब्याच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, तो आतून मरत चालला आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं पुढे पाहू, पण आजपासून तीन गोष्टी बंद: उकिडवं बसणं, मांडी घालणं, जड उचलणं.

आता तुम्हीच सांगा, खेड्यातल्या घरात या तीन गोष्टी सोडून काम राहते कोणतं? गॅसची शेगडी जमिनीवर, पाणी तापवायची चूल जमिनीवर, पावशी, म्हणजे विळी, पायाखाली धरायची, भांडी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या जागेत, दगडाजवळ, कपडे नळाच्या फरशीवर. वरून सध्या रोवण्याचे, म्हणजे धान लावायचे, दिवस. सासूबाई 64 वर्षांच्या आहेत, त्याही सकाळी सातला परायच्या (धानाच्या रोपांच्या) बांधीत चिखलात उतरतात. त्यांना संध्याकाळी आल्यावर सैपाकही तुम्हीच करा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

सगळ्यात जास्त भीती भाताची वाटते. आमच्याकडे भात पसवूनच लागतो. पाच माणसांच्या भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, दोन्ही हातांना फडकी गुंडाळून उतरवायचा, झाकणी दाबून धरायची आणि वाकडा करून पेज काढायची. परवा वाकवतानाच खुब्यात कळ आली. गंज सुटला नाही, पण झाकणी सरकली आणि उकळती पेज माझ्या पायाच्या बोटांवर आली. चार वर्षांची पोरगी माझ्या मागे पदर धरून उभी होती. तिच्या अंगावर गेली असती, या विचारानं त्या रात्री झोप नाही आली.

एक विनंती आहे. "आराम करा" हे मला सगळे सांगतात, ते इथे नको. मला घर चालवायचं आहे. उंचावर, बसल्या बसल्या, कमी ताकदीत कसं करायचं ते सांगा. पक्का ओटा बांधायला आत्ता पैसे नाहीत.

तिरोड्याची काकू:

पोरी, मी अंगणवाडीत 29 वर्षं काढली, आता दोन्ही गुडघे गेले. त्यामुळे सारं यातून गेलेलं सांगते. जमिनीवरचं प्रत्येक काम उचलून कमरेच्या उंचीला आणायचं. एक एक करून आण, सगळं एका दिवशी नको.

पहिली शेगडी. मजबूत टेबल असला तर त्यावर, नाही तर विटांच्या दोन उंच थप्प्यांवर फरशी टाक. हलवून पाहा, तसूभर डुललं तरी चालणार नाही. सिलिंडर मात्र खालीच राहू दे, शेगडी त्याच्यापेक्षा वर पाहिजे, आणि नळी ताणली जायला नको.

मग बसायला स्टूल. प्लास्टिकचा घेऊ नको, ओल्या फरशीवर सरकतो. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी करून घे, पाठीला टेका असलेला, पायांना रबरी बुचं लावलेला. उंची अशी ठेव की बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतील. गुडघे वर आले तर उकिडवं बसल्यासारखाच ताण खुब्यावर येतो.

भाताचा गंज उचलूच नको ना माय! शेगडीवरच राहू दे. शेजारी दुसऱ्या गंजावर चाळणी ठेव, झाऱ्यानं भात काढून चाळणीत टाकत जा. पेज खाली आपोआप गळते. पाच मिनिटं जास्त लागतात, पण हातात वजन म्हणशील तर एका झाऱ्याचं. कुकरही रिकामा शेगडीवर ठेवायचा आणि मगानं पाणी भरायचं, भरलेला उचलायचा नाही.

भाजी पावशीवर नको, लाकडी फळीवर सुरीनं चिर. मला पहिले पंधरा दिवस भेंडीसुद्धा धड चिरता येत नव्हती, आता येते.

मूलचा भाऊ:

ताई, माझ्या लहान बहिणीलाही एसएस आहे. तिच्या बाबतीत आमची एक चूक झाली, ती तुमच्याकडे होऊ नये म्हणून लिहितो.

तिला दुखणं उसळलं की आम्ही म्हणायचो काम जास्त झालं. खरं कारण वेगळं होतं. संडास अंगणाच्या पार टोकाला, तोही भारतीय पद्धतीचा, खाली बसताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून ती दिवसभर पाणीच कमी प्यायची. कोणाला सांगितलं नाही. सिकलसेलमध्ये अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी आणखी विळ्यासारख्या होऊन बारीक नसांमध्ये अडकतात, आणि दुखणं तिथूनच सुरू होते. भावजयीनं ते ओळखलं. आम्ही सीटवर ठेवायची भोकाची कमोड खुर्ची आणली. आता तिच्या स्टुलाजवळ दोन लिटरची बाटली असते आणि दुपारपर्यंत ती संपली का, ते भावजय बघते.

दुसरी गोष्ट थंड पाणी. पुसाच्या महिन्यात सकाळी कपडे धुतले की तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात, असं दोन वर्षं चाललं. आता कपडे ऊन चढल्यावर दहाच्या पुढे, कोमट पाण्यात. चादरी आणि जीन्स मी धुतो.

दुखण्यासोबत ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर घरी गोळी घेऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं का? 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात सिकलसेलचं नाव आहे. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात. खुब्याचे कागदही सोबत द्या, चालण्यातली अडचण त्यातून मोजली जाते.

वर्धेकर:

काठी वापरता का? वडिलांच्या खुब्याच्या वेळी फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी शिकवलं ते सांगतो. दुखरा खुबा डावा, तर काठी उजव्या हातात. लोक उलटं करतात. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी यावी. थोडंफार काही न्यावंच लागलं तर डाव्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात न्या. उलट्या हातात वजन घेतलं की खुब्यावर जास्त भार पडतो. बादली पाव भरा, चकरा वाढू द्या. त्यापेक्षा नळाला पाइप लावून ड्रम जागेवरच भरला तर सगळ्यात चांगलं.

साकोलीकडची:

तान्हा पोळा झाला, आता जरा बसून लिहिते. उशीर झाला, माफ करा.

काकू, स्टूल झाला. 850 रुपये लागले. घरकुलाच्या उरलेल्या विटा सांदवाडीत पडल्या होत्या, यांनी एका रविवारी दोन थप्प्या रचून वर जुनी कडप्पा टाकली. शेगडी तिथेच आहे. झाऱ्यानं भात काढला त्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. मला वाटलं आता बोलतील. काही बोलल्या नाहीत, वाटीत पेज घेतली, मीठ टाकलं आणि प्यायल्या. दुसऱ्या दिवशी रोवण्याहून आल्या त्या चाळणी घासून जागेवर ठेवूनच बसल्या.

झाडणीला बांबू बांधायचा प्रयत्न आधी फसला. एकाच जागी तार बांधली तर झाडणी गोल फिरत होती. गावातल्या बुरडाच्या बाईनं दोन जागी आवळून मध्ये फडकं भरून दिलं, तेव्हापासून उभ्यानं आंगण झाडते. सारवण मात्र सोडलं. ते माझ्यानं होत नाही, आणि ते सोडताना मला वाईट वाटलं.

मूलच्या भाऊ, तुमचं वाचून मी खूप वेळ गप्प बसले. मीही पाणी कमी पीत होते, तुमच्या बहिणीसारखीच, त्याच कारणासाठी. यांना सांगितलं. कमोड खुर्ची मागच्या बाजारच्या दिवशी आली.

पोळ्याला दारात रांगोळी कशी काढू, हा प्रश्न होता. पाट ओट्यावर ठेवला, स्टुलावर बसून त्यावर बैलजोडी काढली, आणि यांनी तो पाट उचलून दाराजवळ ठेवला. दुसऱ्या दिवशी पोरगी आपला लाकडी नंदी त्याच्याच शेजारी घेऊन बसली.

एका ताईंनी मेसेजमध्ये मापं विचारली आहेत. स्टूल 20 इंच, विटांचा ओटा 27 इंच. माझी उंची 5 फूट 1 इंच आहे, तुम्ही उंच असाल तर दोन्ही थोडं वाढवा. आधी विटा कोरड्याच रचून चार दिवस सैपाक करून पाहा, खांदा भरून येतो का ते बघा, मगच सिमेंट लावा.